दोन बोटं माया

सिनेमात गेलेली लेक बारकी येणार म्हटलं की त्या घराच्या अंगात यायचं. खाली दुकान, वर घर. त्या रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून सगळं घर खाली उतरलं होतं. म्हातारे मास्तर एरवी गिऱ्हाईक आलं तरी चष्म्यावरून बघायचे नाहीत. आज ते इस्त्रीचा शर्ट घालून कापणीच्या टेबलापाशी उगाच खडूला टोक काढत बसले होते. त्यांचा थोरला मुलगा आरसा पुसत होता. दुकान हाच चालवायचा, पण वय पन्नाशीला आलं तरी लोक त्याला ‘धाकटे मास्तर’ म्हणायचे, कारण थोरले मास्तर अजून खुर्ची सोडत नव्हते ना! आणि दुसरा मुलगा, भाऊ, जो भांडून वेगळा निघाला होता, समोरच्या रस्त्यावर तयार कपड्यांचं शोरूम थाटून बसला होता आणि या दुकानासमोरून जायचं टाळायला वाट वाकडी करायचा, तोही आज गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता.

धाकट्या मास्तरांच्या बायकोला गाव मास्तरीण म्हणायचं. दुकानात बायकांची मापं तीच घ्यायची. दोघे भाऊ एका छताखाली बघून तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिचं सगळं लक्ष मापाच्या खोलीच्या पडद्याकडे होतं. पडद्यामागे तिची लेक कपडे बदलत होती.

लेकीचं घरातलं नाव गोबू. जन्मली तेव्हा गाल असे गोबरे की मास्तर आजोबांनी बघताक्षणी बारसंच करून टाकलं. आता गोबू एकोणीस वर्षांची होती आणि गेल्या वर्षभरात त्या नावाला धरून राहील असं तिच्या अंगावर काही उरलं नव्हतं. कुणी गोबू म्हटलं की ती तोंड फिरवायची.

निमित्त होतं सिनेमाघरातल्या सोहळ्याचं. बारकीच्या पहिल्या सिनेमाला पंचवीस वर्षं होत होती. पुढच्या शनिवारी तिचा सत्कार, आणि सत्काराच्या आधी सिनेमातला तो हिरवा झगा घालून गोबूने जिन्यावरून खाली यायचं होतं. कल्पना भाऊची. पत्रकं वाटून झाली होती.

हिरवा झगा याच दुकानात शिवलेला. पुढच्या काचेच्या कपाटात तो इतकी वर्षं उभा होता आणि नवी गिऱ्हाइकं आधी त्याच्यापुढे थांबून मग आत यायची. त्या झग्यातला बारकीचा फोटो तर कुणाच्या घरी नव्हता असं नाही. खांबाला पाठ टेकलेली, कमरेवर हात, हनुवटी वर. ‘काय ती ऐट!’ असं बघणारा म्हणायचाच. भाऊने वेगळं निघायच्या आधी त्यातला एक मोठा फोटो मापाच्या खोलीत आरशासमोर लावून ठेवला होता. तेव्हापासून मास्तरणीचं काम दुप्पट झालं. बाई आरशासमोर उभी राहायची, आरशात मागचा फोटो बघायची, आणि श्वास आत ओढून धरायची. मास्तरीण टेप हातात धरून वाट बघत बसायची.

“बाई, श्वास सोडा. झगा घालून जगायचंय ना, की नुसतं उभं राहायचंय?”

श्वास सोडल्याशिवाय तिने कुणाचं माप घेतलं नाही. घेतलं की मोठ्याने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, ही दुकानाची जुनी पद्धत. लिहायला लहानपणापासून गोबू बसायची, उंच स्टुलावर, पाय हलवत. अख्ख्या गावातल्या बायकांच्या कमरा तिला तोंडपाठ होत्या, आणि कुठली कंबर ऐकली की बाकीच्या बायका ‘वा!’ म्हणतात आणि कुठली ऐकली की गप्प बसतात, हेही. यात पोरीच्या मनात काय साठत गेलं, ते आईला कळलं नाही. आईला कळतं सगळं म्हणतात, पण ते कितीदा उशिराच कळतं.

पुढे तिचं जेवण ताटात इकडून तिकडे फिरायला लागलं. मग ‘बाहेर खाऊन आले’ सुरू झालं. मग केस. फणीत गुंतवळच गुंतवळ. भर उन्हात हात थंडगार. आणि मागच्या महिन्यात जिन्यात चक्कर येऊन पडली. मास्तरीण तिला गोड बोलून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, तेव्हा नाडी बघता बघता त्यांचा चेहरा बदलला.

“हा हट्ट नाही आणि फॅशनही नाही,” त्या म्हणाल्या होत्या. “आजार आहे. बरा होतो, पण थांबायला वेळ नाही. सोमवारी दाखल करायच्या तयारीने या.”

सोमवार म्हणजे उद्या. आणि गोबूने आईपुढे एकच पालुपद लावलं होतं. “शनिवार होऊ दे. शनिवारनंतर नेशील तिकडे येते.” आई काकुळतीला आली, रागावली, रडली. पोरगी ढिम्म. शेवटी मास्तरणीने मान हलवली, आणि हलवल्यापासून ती स्वतःलाच कोसत होती. घरात कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. नवरा म्हणायचा, वयच तसं. भाऊ म्हणायचा, “अजून जरा उतरली की हुबेहूब बारकी!”

शटरवर थाप पडली. आणि थापेमागून आवाज आला.

“अरे, बहीण आली की दुकानं बंद करायची असा नवा नियम काढलात काय?”

बारकी वाकून आत आली, उभी राहिली आणि दुकान भरून गेलं. ती मास्तरांचं शेंडेफळ, भावंडांत सगळ्यांत लहान म्हणून बारकी. दुसरं काही कारण त्या नावाला कधीच नव्हतं. आता तर अंगाने चांगली भरली होती, दंड गोल, हसली की खांदे हलायचे. मास्तरणीला ही नणंद मनापासून आवडायची. मागे एका वर्तमानपत्राने तिचे दोन फोटो शेजारी शेजारी छापले होते, तेव्हाचा आणि आत्ताचा, आणि खाली नको ते लिहिलं होतं. दुसरी असती तर महिनाभर घराबाहेर पडली नसती. या बाईने तो कागद चौकटीत बसवून स्वतःच्या बैठकीत टांगला. आल्या-गेल्याला दाखवायची, “हे बघा, आम्ही दोघी.” असं काळीज पाहिजे!

“मास्तर, शिवणी घट्ट आहेत ना?” बारकीने वाकून बापाच्या पाठीवरून हात फिरवला.

“आहेत अजून,” मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरले, पण खडू खाली ठेवला नाही.

“दादा, टक्कल छान दिसतंय. भाऊ, तू इथे? सूर्य कुठून उगवला आज? वहिनी, आधी काहीतरी खायला दे बाई. भूक लागली की मला माणसं ओळखू येत नाहीत.”

मास्तरणीने पाव, लोणी आणि उकडलेली अंडी तयारच ठेवली होती. बारकीने खुर्ची ओढली आणि जेवायला बसली. ती खायची तेव्हा बघत राहावंसं वाटायचं. घाई नाही, लाज नाही, बोटाला लागलेलं लोणीसुद्धा चाटायची.

“बारके, जरा बेतानं,” भाऊ म्हणाला. “शनिवारी फोटो निघणार आहेत.”

“निघू देत की. तू माझ्या शेजारी उभा राहा, मी बारीक दिसेन.”

धाकटे मास्तर फिस्सकन हसले आणि भाऊ बघतोय म्हटल्यावर आरसा पुसायला लागले. तेवढ्यात पडद्यामागून बारीक आवाज आला.

“आई, चेन लावायला ये.”

मास्तरीण आत गेली. गोबू झगा घालून पाठमोरी उभी होती. पाठीवरची हाडं बघून आईला हात लावायचा धीर होईना. तिने चेन धरली. चेन सरसर वर गेली, कुठे अडली नाही, कुठे ओढावी लागली नाही. मानेपर्यंत. इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं,

“आता श्वास सोड.”

“सोडलेलाच आहे, आई,” गोबू म्हणाली.

मास्तरणीने चेनवरचा हात मागे घेतला. पण पोरीने आरशात स्वतःकडे पाहिलं, मागच्या फोटोकडे पाहिलं, आणि कितीतरी महिन्यांनी ती हसली. पडदा सरकवून ती बाहेर गेली.

“अरे वा!” भाऊने टाळी वाजवली. “काचेतून उतरून आली बघ! दादा, हे बघ! हुबेहूब!”

धाकटे मास्तर हातात फडकं घेऊन बघत राहिले. लेकीचं कौतुक त्यांच्या चेहऱ्यावर मावेना. मास्तरांच्या बोटांत खडू मोडला. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण बारकीने हातातला घास ताटात परत ठेवला होता, आणि बारकीने घास परत ठेवलेला कुणी कधी पाहिला नव्हता.

“वळ बघू,” ती म्हणाली.

गोबू मोठ्या ऐटीत वळली.

“बंद झाला?” बारकीचा आवाज खाली आला. “वहिनी, मध्ये तुकडा जोडलास?”

“नाही, बारकीताई.”

“बाजू उसवल्यास?”

“उसवायला त्याच्यात आहे काय?” मास्तर मध्येच बोलले. “त्याला माया नाही.”

हे वाक्य मास्तरांच्या तोंडून निघावं आणि तेही दुकानात, म्हणजे नवलच. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. माणूस भरलं, बाईला दिवस गेले, पोर वाढलं, तर शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला होतो. दोन बोटं माया ठेवल्याशिवाय कात्री चालवायची नाही हा मास्तरांचा दंडक. दोन्ही मुलं त्यावरून मार खाऊन शिकली होती. भाऊ वेगळा निघाला तो याच भांडणावरून. शोरूमच्या कपड्यांना तो माया ठेवत नव्हता, कापड वाचवायला, आणि मास्तरांनी भर दुकानात त्याला सुनावलं होतं, ‘माया नसलेला कपडा माझ्या घरचा नाही.’

“काय?” भाऊ ताडकन उठला. “गावातला सगळ्यात नावाजलेला झगा, आणि त्याला माया नाही? आणि मला तुम्ही चार लोकांत...”

“थांब, भाऊ,” बारकी म्हणाली. “तुझं गाऱ्हाणं नंतर. गोबू, इथे ये. हा झगा कुणालाच बंद होत नव्हता गं. मलासुद्धा नाही.”

गोबूचं हसू तसंच राहिलं, विझायला विसरल्यासारखं.

“चेष्टा करू नकोस, आत्या. सगळ्यांनी पाहिलंय.”

“समोरून पाहिलंय. पाठ कुणी पाहिली? सिनेमाकंपनीने माप कागदावर लिहून पाठवलं होतं. मला न बघता. कुठल्या मासिकातल्या बाईचं होतं देव जाणे. वर हुकूम, की शिवणीत माया नको, दिव्यांच्या उजेडात जाड दिसते. मास्तरांनी माझं माप घेतो म्हणून निरोप पाठवला, तर ते म्हणाले, दुसरे शिंपी आहेत आमच्याकडे. लेकीचं पहिलं काम जाईल म्हणून यांनी मान खाली घालून कापला. आणि तिथे घातला तर मागून वीतभर उघडा!”

“मग?”

“मग काय, कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. पाठीला चिमटे लावले आणि मला खांबाला टेकवून उभी केली. लोक म्हणतात काय ऐट, काय ऐट! ऐट कसली डोंबलाची, चिमटे टोचत होते म्हणून ताठ उभी होते.”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी या गोष्टीवर सगळे पोट धरून हसले असते. सांगतानाही तिने हसवायलाच सांगितली होती, हे मास्तरणीच्या लक्षात आलं. पण कुणी हसलं नाही, आणि बारकी पुढे बोलली तेव्हा तिच्या आवाजातली गंमत गेली होती.

“सिनेमा चालला. लोक त्या फोटोतली कंबर मागायला लागले. जिथे जाईन तिथे आधी कमरेकडे बघायचे. मग मीच तिच्या मागे लागले. खाणं सोडलं. कॅमेऱ्यापुढे उभी राहायचे आणि डोळ्यांपुढे काजवे. सगळे म्हणायचे, काय सुंदर दिसतेस! जितकं कमी खाल्लं तितकं कौतुक जास्त. शेवटी दवाखान्यात पडले. तुम्हाला सगळ्यांना ताप म्हणून सांगितलं होतं.”

“ताप...” धाकटे मास्तर पुटपुटले.

“ताप नव्हता, दादा. दवाखान्यातून इथे आले ना, तेव्हा याच खोलीत लपून हा झगा घालून पाहिला. म्हटलं आता तरी होईल. तेव्हासुद्धा बोटभर उघडा राहिला.” तिने गोबूच्या पाठीवर, बंद चेनवर हळूच हात ठेवला. “आणि तुला बंद होतोय.”

बोटभराचा तो हिशेब शिंप्याच्या घरात कुणाला समजावून सांगायला लागत नाही. धाकट्या मास्तरांच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते पुढे आले आणि त्यांनी लेकीचं मनगट धरलं. इतके दिवस ती त्यांच्यासमोर वावरत होती, पण धरलं आज. त्यांचा अंगठा आणि बोट जुळून वर एकमेकांवर चढली.

“तू खोटं बोललीस,” गोबू म्हणाली. आधी पुटपुटली, मग ओरडली. “सगळ्यांशी खोटं बोललीस! मी रोज तो फोटो बघत होते. मोबाइलवर, इथे, सगळीकडे. मी तुझ्यासारखी व्हायला... मग मी कुणासारखी झाले?”

“कुणासारखीच नाही गं,” बारकी म्हणाली. “तशी बाई नव्हतीच कधी. खांब होता आणि चिमटे होते.”

गोबू मटकन स्टुलावर बसली आणि रडायला लागली. तिला रडायलाही ताकद पुरत नव्हती, हे मास्तरणीला दिसलं. ती जवळ जाऊन उभी राहिली. पाठीवर हात फिरवावा की नको कळेना, म्हणून नुसती उभी राहिली.

“हे बघा,” भाऊने घसा साफ केला. “झालं ते वाईटच झालं. पण पत्रकं गेलीत. लोक झगा बघायला येणार. आता एवढा शनिवार निभावून नेऊ, मग पोरीला चांगलं खायला-प्यायला...”

“भाऊ,” धाकटे मास्तर म्हणाले, “तोंड बंद ठेव.”

आयुष्यात या माणसाने धाकट्या भावाला कधी अरे म्हटलं नव्हतं. दुकान फुटलं तेव्हासुद्धा मान खाली घालून कपाटं मोजून दिली होती. भाऊ परत खुर्चीत बसला. मास्तरणीने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला आतून बळ आलं. इतके दिवस पोटात धरून ठेवलेलं तिने सगळ्यांसमोर टाकलं.

“उद्या डॉक्टरीणबाईंनी दाखल व्हायला बोलावलंय. पोरीचं हृदय दमलंय म्हणाल्या. मी शनिवारपर्यंत थांबायला कबूल झाले होते. माझी चूक झाली. मी आता थांबणार नाही.”

“आई, तू शब्द दिला होतास!” गोबूने मान वर केली. “शनिवारनंतर म्हणालीस!”

“शनिवार आता तिचा राहिलाच कुठे?” बारकी म्हणाली. “शनिवारी झगा मी घालणार.”

“तू?” भाऊला आता मात्र राहवलं नाही. “अगं, तो तुला दंडाला तरी होईल का?”

“होईल,” मास्तर म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. “बाह्या काढतो. बाजू फाडून मध्ये दुसरं कापड घालतो. पाठीला...”

“पाठीला काही घालायचं नाही, मास्तर. पाठ उघडीच पाहिजे. आत एक अस्तर द्या माझी अब्रू राखायला, आणि वरून चिमटे. तसलेच, लाकडी. मी खांबापाशी उभी राहीन, फोटोसारखी, हनुवटी वर करून. टाळ्या पडल्या की वळेन.”

“लोक हसतील, बारके.”

“हसू देत. मी पण हसेन. इतकी वर्षं त्यांना समोरून दाखवलं, आता पाठ दाखवते. लढाईत पाठ दाखवणं वाईट म्हणतात, पण आमच्या लढाईत तेच शौर्याचं काम आहे बघ.”

मास्तरीण तिच्याकडे बघत राहिली. हजार माणसांसमोर, दिव्यांच्या उजेडात, ज्या फोटोवर नाव झालं तो फोटो स्वतःच्या हाताने उलटा करायला निघाली होती ही बाई, आणि बोलत होती असं की जणू भाजीला निघाली आहे. मास्तरणीला वाटलं, पोरीने हिच्यासारखं व्हायचं मनात आणलं ते चूक नव्हतंच. फक्त ती भलत्याच बाजूने बघत होती.

गोबू डोळे पुसत होती.

“मला भीती वाटते,” ती म्हणाली. “तिथे खायला लावतील.”

“लावतील,” बारकी म्हणाली. “आणि वाटणारच भीती. मला पहिला घास गिळायला अख्खी दुपार लागली होती. समोर कोण बसलं होतं माहीत आहे? तुझी आई. नवी नवरी होती. तिला कुणी धड काही सांगितलं नव्हतं. ती माझ्यासमोर बटणं टाचत बसली. खा म्हणाली नाही, का खात नाहीस विचारलं नाही, उठून गेली नाही. संध्याकाळ झाली तेव्हा माझी वाटी रिकामी झाली होती. त्या दुपारवर मी आजपर्यंत जगतेय, वहिनी. तुला कधी सांगितलं नाही.”

मास्तरणीला ती दुपार अंधुक आठवत होती. तिला वाटलं होतं, तापातून उठलेल्या माणसाला सोबत लागते. त्यापलीकडे तिने काही केलं नव्हतं. तिला एकदम रडू आलं आणि हसूही, आणि ती म्हणाली,

“मला काय ठाऊक! तेव्हा मला बटणं टाचता येत नव्हती म्हणून इतका वेळ लागला.”

बारकी खदखदून हसली. मग धाकटे मास्तर. मग स्टुलावरून एक हुंदका आला, त्याला मध्येच हसण्याचं वळण लागलं.

भाऊ मात्र उठून मापाच्या खोलीत गेला. रागावून गेला असं सगळ्यांना वाटलं. आतून खिळा उपटल्याचा आवाज आला, आणि तो मोठा फोटो काखेत मारून बाहेर आला. फोटोची चौकट भिंतीकडे तोंड करून त्याने कोपऱ्यात टेकवली.

“मागे भिंतीचा रंग उडालाय,” तो कुणाकडेही न बघता म्हणाला. “उद्या माणूस पाठवतो. दवाखान्यात गाडी माझी घेऊन जा, दादा. तुझी सुरू होईल न होईल.”

“बरं,” धाकटे मास्तर म्हणाले. दोघा भावांत तेवढं पुरलं.

मास्तरणीने लेकीला आत नेलं आणि चेन उघडली. झगा आपोआप घसरून पायाशी पडला. मास्तरांनी तो उचलून टेबलावर पसरला आणि बाजूच्या शिवणीला कात्री लावली. कापड फाटल्याचा आवाज झाला तेव्हा गोबू दचकली, पण पडदा बाजूला करून बघत राहिली. तिचा जुना सदरा तिच्या अंगावर लोंबत होता.

“उद्या काय घालू?” ती म्हणाली. “सगळंच लोंबतंय.”

“शिवते की. संध्याकाळपर्यंत होईल,” मास्तरीण म्हणाली. तिने कपाटातून मऊ सुती कापडाचा तागा काढला, पिवळा, गोबूला लहानपणी आवडायचा तसा. गळ्यातला टेप हातात घेतला. धाकट्या मास्तरांनी सवयीने कानावरची पेन्सिल काढली आणि लिहायला सरसावले.

मास्तरणीने खांदा मापला. छाती, कंबर, उंची मापली. प्रत्येक वेळी टेपवर बोट ठेवायची, बघायची, आणि ओठ मिटून पुढे जायची.

“अगं, सांग ना,” धाकटे मास्तर म्हणाले. “काय लिहू?”

“काही लिहू नका. चहा टाका सगळ्यांना.”

ते पेन्सिल कानावर ठेवून जिना चढले.

“किती आलं, आई?” गोबूने विचारलं. नजर टेपवर होती. सगळ्या बायकांची मापं तोंडपाठ असलेली पोर स्वतःच्या मापाची वाट बघत होती.

“तुझ्याएवढं,” मास्तरीण म्हणाली आणि टेप गुंडाळून मुठीत धरला.

गोबू बाहेर येऊन स्टुलापाशी उभी राहिली. बारकी उरलेलं अंडं सोलत होती. सोलून तिने त्याचे दोन भाग केले, एक स्वतः खाल्ला आणि दुसरा बशीत ठेवून बशी स्टुलावर सरकवली. घे म्हणाली नाही. टेबलावर पडलेलं कुणाचं तरी तुटलेलं बटण उचलून त्याच्याशी खेळत बसली. गोबू त्या बशीकडे बराच वेळ बघत होती. हात पुढे गेला नाही, पण तिने बशी लांबही सारली नाही.

मास्तरांनी पिवळं कापड टेबलावर अंथरलं. खडू घेतला. सुनेने कानाजवळ वाकून मापं सांगितली, त्यांनी मान हलवली आणि पहिली रेघ ओढायला हात उचलला.

“आजोबा, थांबा,” गोबू म्हणाली. ती टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. “माया ठेवा हं. वाढले तर लागेल.”

मास्तरांचा हात तसाच राहिला.

“किती ठेवू, गोबू?”

त्या नावावर तिने तोंड फिरवलं नाही. घरच्या दंडकाप्रमाणे तिने दोन बोटं वर केली. मग आत्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि हळूच तिसरंही उचललं.

मास्तरांनी तिचीच तीन बोटं धरून कापडावर ठेवली आणि त्यांच्या कडेने खडू ओढला.